शिकण्याच्या दारावर वय लिहू नका

मा. अध्यक्ष आणि सभासद,
शैक्षणिक समिती, यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात भाषा शिकवणाऱ्या आपल्या संस्थेच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. प्राथमिक वर्गात यापुढे ४५ वर्षांपर्यंतच्या अर्जदारांनाच प्रवेश मिळेल. त्याहून मोठ्यांसाठी आठवड्यातून एकदा 'आनंदवर्ग' असेल; त्याला परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, पुढच्या पातळीत जाण्याची सोय नाही. मोकळ्या होणाऱ्या तासांत चार वर्षांच्या मुलांपासून पुढचे 'बालभाषा' वर्ग भरतील. आणि खाली एका ओळीत कारण: 'वाढत्या वयात नवी भाषा आत्मसात करण्याची क्षमता संपते, हे संशोधनाने सिद्ध झालेले आहे.'

हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. कार्यालयात मी दोनदा लेखी निवेदन दिले. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. तुमच्यासारखाच विचार करणाऱ्या इतर संस्था असतील, आणि 'आता या वयात कसली भाषा शिकायची' असे स्वतःच स्वतःला सांगून गप्प बसलेली माणसे तर मी रोज पाहते. त्यांनाही वाचता यावे म्हणून आता उघडपणे लिहिते आहे.

मी ५८ वर्षांची आहे आणि गेली चार वर्षे तुमची विद्यार्थिनी आहे. तुमच्याकडे का आले ते आधी सांगते. माझ्या सुनेचे माहेर वेगळ्या भाषेचे. माझी विहीण आणि मी लग्नात भेटलो तेव्हा आम्हा दोघींना येईल अशी एकही भाषा नव्हती. पुढची तीन वर्षे आम्ही एकमेकींकडे पाहून हसत राहिलो. फोन आला की सून मधे बसून इकडचे तिकडे सांगायची, आणि दोन वाक्यांत बोलणे आटपायचे. मग व्याही अचानक गेले. मी भेटायला गेले आणि चार दिवस विहीणबाईंजवळ बसले. त्या बोलत होत्या, रडत होत्या, माझा हात धरून पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होत्या, आणि मला एक अक्षर कळत नव्हते. सुनेला मधे घ्यावे अशी ती वेळ नव्हती. तिचे वडील गेले होते. परत आल्यावर पंधरा दिवसांत मी तुमच्या प्राथमिक वर्गात नाव घातले. तेव्हा मी ५४ वर्षांची होते. तुमच्या खिडकीवर माझे वय कुणी विचारले नाही.

आज मी तिसऱ्या पातळीत आहे. बोलताना चुकते, हेल मराठीच आहे. पण गेल्या वर्षी मी विहीणबाईंना त्यांच्या भाषेत विचारले, की त्या चार दिवसांत तुम्ही मला काय विचारत होता. त्यांनी सांगितले. ते त्यांचे आणि माझे आहे, इथे लिहीत नाही. पण ते मला कळले ते तुमच्या वर्गामुळे. या संस्थेबद्दलची कृतज्ञता मनात ठेवूनच मी आज भांडायला उभी आहे.

विहीणबाई आता मुलीजवळ राहायला आल्या आहेत. वय ६१. त्यांना मराठी शिकायचे आहे: शेजारणींशी बोलायला, दवाखान्यात आपले दुखणे आपल्या तोंडाने सांगायला. त्यांनी तुमच्याकडे अर्ज केला. तो खिडकीवरूनच परत आला, वयाच्या रकान्याभोवती लाल शाईने गोल काढून. घरी येऊन त्यांनी मला एवढेच विचारले, "मग तुम्हाला कसे घेतले होते?"

तुम्ही संशोधनाचे नाव घेतले आहे, म्हणून त्याबद्दलच आधी बोलू. भाषा शिकण्यावर वयाचा परिणाम होत नाही, असे मी म्हणणार नाही. होतो, आणि तो बारीकसारीक नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मराठी माणसाला चटकन कळेल असा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या मुलांना 'त' आणि 'ट' यांतला फरक ओळखू येतो का, हे त्यांनी पाहिले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना तो ओळखू येत होता. वर्षाच्या आसपास पोचलेल्या बहुतेकांचा तो गेलेला होता, कारण त्यांच्या कानावर पडणाऱ्या भाषेला त्या फरकाची गरजच नव्हती. कान आपल्या भाषेला बांधला जायला लागतो तो असा, पहिला वाढदिवस होण्याआधी.

मग १९८९ चा जॅकलिन जॉन्सन आणि एलिसा न्यूपोर्ट यांचा अभ्यास, ज्याचा आधार या विषयात नेहमी घेतला जातो. अमेरिकेत आलेल्या ४६ कोरियन आणि चिनी भाषकांची त्यांनी इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेतली. ही माणसे वयाच्या तिसऱ्यापासून एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत केव्हातरी तिथे पोचलेली होती. सात वर्षांच्या आत आलेल्यांचे गुण जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांइतके होते. त्यापुढे, पौगंडावस्थेपर्यंत, जितके उशिरा आलेले तितके गुण कमी. पण तुमच्या नियमाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते याच्या पुढे आहे. १७ ते ३९ या वयात आलेल्यांच्या गुणांचा त्यांच्या वयाशी नियमित संबंध उरला नव्हता. कुणी चांगले होते, कुणी कच्चे, आणि त्याचे कारण येण्याचे वय नव्हते.

२०१८ साली जोशुआ हार्टशोर्न, जोशुआ टेनेनबॉम आणि स्टीव्हन पिंकर यांनी सुमारे पावणेसात लाख लोकांच्या उत्तरांवरून मांडले, की व्याकरण शिकण्याचा वेग साधारण साडेसतरा वर्षांच्या आसपास उतरू लागतो. त्याच माहितीची २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा तपासणी केली. त्यांना सगळ्यांना लागू पडणारा असा एकच कडा सापडला नाही. शिकणाऱ्यांचे प्रकार वेगळे केल्यावर काहींमध्ये उतार संथ आणि सलग दिसला. त्याआधी २००३ मध्ये केंजी हाकुटा, एलेन बायलिस्टॉक आणि एडवर्ड वायली यांनी अमेरिकेच्या जनगणनेतल्या २३ लाख स्थलांतरितांची माहिती तपासली होती. तिथेही वयाबरोबर हळूहळू घसरण होती, अमुक वर्षी दार बंद झाले असे कुठे दिसले नाही. उलट शाळेत घालवलेल्या वर्षांचा परिणाम ठळक होता.

या अभ्यासांतून ४५ हा आकडा कुठून आला, ते मला कळलेले नाही. सतरावे वर्ष ही सीमा मानली, तर तुमच्या प्राथमिक वर्गातले पंचवीस-तीस वर्षांचे जवळजवळ सगळेच त्या पलीकडचे आहेत. संथ उतार मानला, तर कुठेच रेघ मारता येत नाही. ४५ ची रेघ तुम्ही मारली आहे आणि सही संशोधनाची घेतली आहे.

आणि 'निर्णायक कालखंडा'ची कल्पना ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या एरिक लेनेबर्ग यांचेही थोडे ऐका. दोन वर्षांपासून वयात येईपर्यंतचा काळ भाषेसाठी खास असतो, असे त्यांनी १९६७ साली मांडले. त्यांचा मुख्य आधार पहिल्या भाषेचा होता: मेंदूला इजा झालेली मुले आणि मोठी माणसे भाषा कितपत परत मिळवतात, याचा. दुसऱ्या भाषेपुरते त्यांनी तिथेच मान्य केले होते, की माणूस चाळिशीतही परकी भाषा संवादापुरती शिकू शकतो आणि त्याने त्यांच्या सिद्धान्ताला बाध येत नाही. पहिली भाषा आणि दुसरी भाषा यांतला हा फरक पुढे रेचल मेबेरी यांच्या कामातून फार स्पष्ट झाला. लहानपणी बोलती भाषा नीट मिळालेली आणि नंतर ऐकू येईनासे झालेली माणसे मोठेपणी खुणांची भाषा बऱ्यापैकी चांगली शिकली. जन्मतः ऐकू न येणारी, आणि त्यामुळे लहानपणी कोणतीच भाषा पुरती न मिळालेली माणसे त्याच वयात तीच भाषा शिकताना मागे पडली. लहानपणी एक भाषा पक्की मिळाली असेल, तर पुढे दुसरीला ती पाया होते. विहीणबाईंजवळ तो पाया एकसष्ट वर्षांचा आहे.

आता मला मुख्य म्हणायचे आहे ते. या अभ्यासांपैकी बहुतेकांत मोजले काय आहे? शिकणारा शेवटी त्या भाषेत जन्मलेल्या माणसाच्या किती जवळ पोचला, हे. ते अंतर वयाने वाढते, हे खरे आहे. पण विहीणबाईंना मराठीत जन्मल्यासारखे दिसायचे नाही. त्यांना बोलायचे आहे. कुणी कुठवर पोचेल याचा निष्कर्ष उचलून तुम्ही कुणी निघायचे याच्यावर लावला आहे. शिखराबद्दलची माहिती तुम्ही पायथ्याशी पाटी करून ठोकली, आणि चढणाऱ्यांना खालूनच परत पाठवले.

बरे, सुरुवातीच्या टप्प्याचाच विचार केला तर मोठी माणसे मागे नसतात. कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागेल-ह्यूले यांनी १९७८ मध्ये नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचे डच शिकणे वर्षभर पाहिले. पहिल्या काही महिन्यांत १२ ते १५ वर्षांची मुले आणि प्रौढ सर्वांत झपाट्याने पुढे गेले. वर्षअखेरीस ८ ते १० आणि १२ ते १५ या वयोगटांची पकड सर्वांत चांगली होती. सर्वांत कमी गुण कुणाचे होते? तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे. मुले अखेर पुढे जातात ती त्या भाषेत दिवसरात्र बुडलेली असतात म्हणून, आणि त्यांच्यापुढे वर्षे असतात म्हणून. तुमचा प्राथमिक वर्ग आहे सहा महिन्यांचा. तेवढ्या टप्प्यापुरते बोलायचे, तर वय हा अडथळा ठरवायला हा पुरावा उलट्या बाजूला पडतो.

मोठ्या माणसाचे शिकणे कसे असते, हे मी सध्या रोज पाहते आहे. प्रवेश नाकारल्यावर मीच विहीणबाईंना घरी शिकवायला बसले. पहिल्याच आठवड्यात त्या लिंगांवर अडल्या. तो पंखा, ती खुर्ची, ते कपाट, असे का? मला सांगता येईना, मी कधी विचारच केला नव्हता. त्यांनी वहीत तीन रकाने केले आणि ऐकलेला प्रत्येक शब्द लिहू लागल्या. दोन आठवड्यांनी वही माझ्यापुढे ठेवली: दरवाजा, रस्ता, पंखा, शेवटी आ, तो. खुर्ची, खिडकी, काठी, शेवटी ई, ती. तळं, डोकं, शेवटी अं, ते. आणि मागच्या पानावर न बसणारे शब्द वेगळे: पाणी, हत्ती. अठ्ठावन्न वर्षे मी ही भाषा बोलते आहे, हा आराखडा मला कुणी दाखवला नव्हता. तीन वर्षांचे मूल हे असे करत नाही. त्याला करावे लागत नाही, ते ऐकत ऐकत उचलते. मोठा माणूस नियम शोधतो, लिहितो, ताडून पाहतो, दोन भाषा शेजारी ठेवतो. रस्ता वेगळा आहे. तुमच्या कागदाने त्याला रस्ताच नाही असे म्हटले.

वयाने काय जाते तेही सांगते, कारण ते मी अंगावर घेतलेले आहे. ओळखीचा शब्द जिभेवर यायला वेळ लागतो. कळतो लगेच, आठवत नाही लगेच. एका वेळी फार गोष्टी डोक्यात धरता येत नाहीत, त्यामुळे लांब वाक्याचे टोक येईपर्यंत सुरुवात निसटते. वय वाढते तसे वरच्या पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येऊ लागतात. 'स', 'श', 'फ' यांतला फरक नेमका तिथेच असतो. गोंगाटात तर आणखी कठीण. आणि लाज फार वाटते. मुलाला चुकण्याचे काही वाटत नाही. चार जणांत आयुष्यभर नीट बोललेल्या बाईला दुसरीतल्या मुलासारखे अडखळावे लागते, तेव्हा घशात काहीतरी येते. या प्रत्येक गोष्टीवर शिकवण्यात उपाय आहे. तुमच्या तक्त्यात तो कुठेच नाही, आणि माझ्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

पहिली तक्रार वयाच्या अटीची. ती वर झाली.

दुसरी, आनंदवर्गाची. आनंदाला माझा विरोध नाही. पण आठवड्याला एक तास आणि पुढची पातळी नाही, म्हणजे न शिकवण्याची सोय आहे. भाषेला तास लागतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना, म्हणजे मोठ्या माणसांनाच, भाषा शिकवते. इंग्रजीला जवळच्या भाषांसाठी ती साधारण ६०० ते ७५० तास धरते. अरबी, चिनी, जपानी, कोरियन यांसाठी सुमारे २२००. आठवड्याला एका तासाच्या हिशेबाने ६०० तास व्हायला बारा वर्षे लागतील. एकसष्ट वर्षांच्या बाईला तुम्ही बारा वर्षांचा रस्ता देता, आणि ती शिकली नाही की वयाला दोष देता.

वयस्कांना भाषा शिकवण्याचे समर्थन करताना स्मृतिभ्रंश टळतो असे पुष्कळदा सांगितले जाते. तो युक्तिवाद मी करत नाही. ते संशोधन मुख्यतः आयुष्यभर दोन भाषांत वावरलेल्यांचे आहे आणि त्यावर अजून वाद आहे. मला औषध नको आहे, भाषा हवी आहे.

तिसरी तक्रार वर्गखोलीची, आणि ती लहान वाटेल. ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, आवाज घुमणाऱ्या खोलीत, पंख्याच्या घरघरीत. शब्दांची चाचणी घड्याळ लावून. नवे पन्नास शब्द एका आठवड्यात, मग पुन्हा त्यांचे नाव नाही. विसरण्याचा अभ्यास हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये मांडला तेव्हापासून माहीत आहे, की एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने उजळणी केलेले जास्त टिकते. हे सर्व वयांना लागू आहे, पण ज्याची एका वेळी गोष्टी डोक्यात धरून ठेवणारी स्मृती आखडती झाली आहे त्याला ते अधिक लागते. तुमच्या अभ्यासक्रमात उजळणीसाठी राखलेला एकही तास नाही. यात शिक्षकांचा दोष नाही. त्यांना पाठ संपवण्याची तारीख दिलेली असते.

याच वर्गात काय होऊ शकते तेही मी पाहिले आहे. दुसऱ्या पातळीला आमच्या एका बाईंनी स्वतःच्या वेळात एक गोष्ट केली. विहीणबाईंच्या भाषेत दोन नाद आहेत, माझ्या कानाला चार महिने ते एकच वाटत होते. बाईंनी तेच शब्द पाच वेगवेगळ्या माणसांकडून म्हणवून घेतले, तरुण, म्हातारे, बायका, पुरुष, आणि आम्हाला रोज दहा मिनिटे ऐकायला दिले. ऐकायचे, कोणता ते सांगायचे, लगेच बरोबर की चूक ते पाहायचे. सहा आठवड्यांनी मला फरक ऐकू येऊ लागला. नंतर कळले, की ही पद्धत तपासलेली आहे. इंग्रजीतले 'र' आणि 'ल' वेगळे ऐकू न येणाऱ्या जपानी प्रौढांना जॉन लोगन, स्कॉट लाइव्हली आणि डेव्हिड पिसोनी यांनी १९९१ मध्ये अनेकांचे आवाज ऐकवून असाच सराव दिला आणि त्यांचे ओळखणे सुधारले. पुढच्या अभ्यासांत त्यांचा उच्चारही सुधारलेला दिसला, तो वेगळा न शिकवता. पहिल्या वर्षात बांधला गेलेला कान मोठेपणीही थोडा सैल करता येतो. मी आता विहीणबाईंना 'वेळ' आणि 'वेल' याच रीतीने ऐकवते आहे: माझ्या आवाजात, मुलाच्या, वरच्या मजल्यावरच्या आजींच्या. सुरुवातीला त्या निव्वळ अंदाजाने सांगत. आता दहांतले सात-आठ बरोबर येतात. 'ळ' म्हणताना जीभ अजून वळत नाही, पण कान आधी येतो आणि जीभ मागून, हे त्यांना ठाऊक झाले आहे.

चौथी तक्रार तोंडी परीक्षेची. तुमच्या गुणपत्रिकेत 'मातृभाषकासारखा उच्चार' असा वेगळा रकाना आहे. वयाने जे सर्वांत आधी आणि सर्वांत पक्के जाते, नेमके त्यालाच तुम्ही गुण ठेवले. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये दाखवले, की हेल असणे आणि न कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांचा हेल ठळक वाटतो त्यांचेही बोलणे ऐकणाऱ्याला पुष्कळदा पूर्ण कळलेले असते. जोसेफ कॉनरॅड पोलिश घरात जन्मले, इंग्रजी शिकले ते विशीत, जहाजांवर काम करताना. इंग्रजी कादंबरीत त्यांचे स्थान पहिल्या रांगेत आहे, आणि बोलताना त्यांचा परका हेल शेवटपर्यंत गेला नाही. असाधारण माणसाचे उदाहरण देऊन मी सगळ्यांना तसे होता येते असे म्हणत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की हेल मोजून भाषा मोजली जात नाही. तुम्ही उच्चार कळतो की नाही याला गुण द्या. आमच्यासारख्यांना केवळ हेलामुळे मिळणारा शून्य त्या रकान्यातून काढा.

पाचवी, बालभाषा वर्गाची. मुलांनी लवकर भाषा शिकावी, याला मी कशाला नाही म्हणेन? पण आठवड्याला एक तास देऊन 'चार वर्षांपासून सुरू, म्हणजे जन्मभराची भाषा' असे माहितीपत्रकात छापणे बरोबर नाही. बार्सिलोनामध्ये कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेत आठव्या वर्षी आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली. तेवढ्याच तासांच्या शिकवणीनंतर उशिरा सुरू केलेली मुले पुढे होती. लवकर सुरू करण्याचा फायदा भाषा आजूबाजूला भरपूर असेल तेव्हा मिळतो. आणि लहानपणी मिळालेलेही वापर थांबला तर जाते. कोरियातून तीन ते आठ या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या काही जणांना मोठेपणी क्रिस्तोफ पालिए यांच्या गटाने २००३ मध्ये तपासले. त्यांना कोरियन वाक्ये इतर अनोळखी भाषांतून वेगळी काढता आली नाहीत. जी त्यांची पहिली भाषा होती. पालकांना हे सांगा, मग वर्ग चालवा. आमचे तास काढून घेऊन नको.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. मिश्र वयाच्या वर्गात वेग सांभाळणे कठीण जाते, आणि गेल्या वर्षी प्राथमिक वर्गातून मधेच गळालेल्यांत वयस्क जास्त होते असे कार्यालयातून मला सांगण्यात आले. ते खरे असेल. पण गळालेल्यांपैकी तिघींना मी ओळखते. एकीला ऐकू कमी येत होते आणि तिला पुढचा बाक मिळाला नाही. दुसरीच्या घरी आजारपण होते. तिसरीला सर्वांसमोर उभे करून चुकलेले वाक्य चार वेळा म्हणायला लावले, त्यानंतर ती आली नाही. यातल्या कशाला 'ग्रहणक्षमता संपली' म्हणायचे?

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

१. प्राथमिक वर्गाची ४५ वर्षांची अट मागे घ्या. कुणाला वर्ग झेपेल का अशी शंका असेल, तर सर्व वयांच्या अर्जदारांना सारखीच छोटी चाचणी ठेवा.

२. 'क्षमता संपते' हे वाक्य फलकावरून आणि माहितीपत्रकातून काढा. त्याने नुकसान होते. ते वाचून परत फिरलेल्यांची नोंद तुमच्याकडे होत नाही.

३. आनंदवर्ग हवा असेल तर ठेवा, पण तो नियमित वर्गाच्या ऐवजी नको. सावकाश चालणारी एक नियमित तुकडी काढा: तीच पातळी, तीच परीक्षा, तेच प्रमाणपत्र, कालावधी दीडपट. तिला वयाची अट नको. सावकाश शिकू इच्छिणारा पंचविशीतला मुलगाही तिथे बसू दे.

४. ध्वनिफीत किमान तीनदा ऐकवा आणि घरी ऐकायला द्या. ऐकू कमी येणाऱ्यांना पुढच्या जागा राखा. दर चौथा तास उजळणीसाठी ठेवा. आमच्या बाईंनी केलेला अनेक आवाजांचा सराव अभ्यासक्रमात घ्या आणि त्याचे श्रेय व मोबदला त्यांना द्या.

५. तोंडी परीक्षेतला 'मातृभाषकासारखा' हा शब्द बदलून 'स्पष्ट, समजेल असा' करा. शब्दसंग्रहाच्या चाचणीला घड्याळ लावू नका.

६. पुढचा असा कोणताही नियम करण्यापूर्वी ज्या संशोधनाचा आधार घ्याल त्याचे नाव द्या, आणि शिकणाऱ्यांचा एक प्रतिनिधी समितीत घ्या.

नव्या सत्राचे प्रवेश या महिन्याच्या अखेरीस बंद होत आहेत. माझ्या विहीणबाईंचा अर्ज या पत्रासोबत पुन्हा पाठवते आहे. या वेळी तो त्यांनी स्वतः मराठीत भरला आहे. 'वेळ' हा शब्द त्यांनी 'वेल' असा लिहिला होता, मग खोडून बरोबर केला. ती खाडाखोड मी तशीच राहू दिली आहे.

आपली,
संस्थेची एक विद्यार्थिनी
तिसरी पातळी, वय ५८